स्प्रिंग टाकली, पुढे काय? औषधी स्टेंटची गोष्ट, नगर जिल्ह्यातून

हा आपल्या ताज्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना तुटलेली वाक्यं जरा सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यामुळे हा भाग औषधोपचाराचा सल्ला म्हणून ऐकू नका. इतिहास म्हणून ऐका.

आमच्या नगर जिल्ह्यात स्टेंटला कुणी स्टेंट म्हणत नाही. (ऑक्टोबर २०२४ पासून कागदावर अहिल्यानगर झालं, पण जिभेवर अजून नगरच आहे.) आमच्याकडे 'स्प्रिंग टाकली' म्हणतात. कुणी 'जाळी बसवली' म्हणतं. अटॅक आला, नगरला नेलं, दोन स्प्रिंगा टाकल्या, घरी आणलं. चार वाक्यांत अख्खं दुखणं संपतं. पारावरचे पुढचे प्रश्नही ठरलेले असतात: कुठली टाकली? देशी का परदेशी? योजनेतून टाकली म्हणजे हलकी असणार, नाही का? आणि या गोळ्या किती दिवस खायच्या?

या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता मी झुरिकला, पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर, बार्सिलोनाला आणि सुरतला जाऊन आलो. म्हणजे वाचनातून. चला, क्रमाने जाऊ.

फुगा, मग जाळी

१६ सप्टेंबर १९७७. झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग नावाच्या डॉक्टरांनी एका जाग्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत बारीक नळी घातली, तिच्या टोकाचा फुगा फुगवला आणि अरुंद झालेली जागा मोकळी केली. छाती न उघडता. हीच पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी.

फुग्याची अडचण सरळ होती. काढून घेतला की रक्तवाहिनी पुन्हा आकसायची. कधी तासाभरात, कधी काही महिन्यांत. मग आतून टेकू द्यायची कल्पना आली. मार्च १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ इथे जाक प्युएल यांनी आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये उलरिक सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयवाहिनीत धातूची जाळी बसवली. आपली स्प्रिंग ती हीच.

१९९४ मध्ये बेनेस्टेंट आणि स्ट्रेस हे दोन अभ्यास आले. नुसत्या फुग्यापेक्षा जाळी बरी, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडेही त्याच सुमाराला हैदराबादचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू आणि ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मिळून एक स्वस्त देशी स्टेंट तयार केला. 'कलाम-राजू स्टेंट' म्हणून तो ओळखला जातो. क्षेपणास्त्रांच्या कामातलं धातूंचं ज्ञान त्यात कामी आलं. स्टेंट इथे बनू शकतो आणि स्वस्त असू शकतो, हे तीस वर्षांपूर्वी कुणीतरी करून दाखवलं होतं, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

पण जाळीलाही तिचा स्वतःचा त्रास होता. धातू रुतला की रक्तवाहिनीच्या भिंतीला जखम होते. जखम भरताना भिंतीतल्या स्नायूपेशी वाढत सुटतात, जाळीच्या खिडक्यांतून आत येतात आणि वाट पुन्हा बुजवतात. शेतात पाइपलाइन टाकली आणि आत मुळं शिरली, तसं समजा. साध्या जाळीत हे साधारण चारपाच जणांमागे एकाला व्हायचं. म्हणजे पुन्हा अँजिओग्राफी, पुन्हा फुगा, पुन्हा बिल.

बेटावरची माती आणि घरच्या फ्रीजमधलं औषध

आता या गोष्टीतलं माझं सगळ्यात आवडतं वळण. १९६४ च्या अखेरीला कॅनडाचं एक वैद्यकीय पथक रापा नुई, म्हणजे ईस्टर आयलंडवर गेलं. तिथल्या मातीचे नमुने मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट या औषध कंपनीकडे पोहोचले. मातीतल्या एका सूक्ष्मजीवातून तिथल्या शास्त्रज्ञांनी एक पदार्थ वेगळा काढला आणि बेटाच्या नावावरून त्याचं नाव 'रॅपामायसिन' ठेवलं. त्याचंच दुसरं नाव सिरोलिमस.

या कामामागचा मुख्य माणूस होता सुरेंद्रनाथ सहगल. फाळणीआधीच्या पंजाबात, आज पाकिस्तानात असलेल्या खुशाब भागात जन्मलेला, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेला. औषध आधी बुरशीवर वापरायचं ठरत होतं, पण ते शरीराची प्रतिकारशक्तीही दाबतं असं दिसलं आणि कंपनीचा रस सरला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली. सहगलांनी त्या जिवाणूचा साठा आपल्या घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला, असं त्यांच्या घरचे सांगतात. पुढे नव्या व्यवस्थापनाकडे पाठपुरावा करून त्यांनी काम पुन्हा सुरू करवलं. १९९९ मध्ये अमेरिकेत हे औषध किडनी बदललेल्या रुग्णांसाठी मंजूर झालं.

त्याचा स्टेंटशी काय संबंध? सिरोलिमस पेशींची वाढ एका टप्प्यावर थांबवतं. आणि आपल्याला थांबवायचं काय होतं? जाळीत वाढणाऱ्या स्नायूपेशीच. मग औषध गोळीतून अख्ख्या शरीराला कशाला द्यायचं, जाळीवरच लेप देऊ. रसायनाचा पातळ थर, त्यात औषध, ते काही आठवडे हळूहळू झिरपत राहील. डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलच्या साव पावलो शहरात डॉ. एदुआर्दो सोउझा यांनी असा स्टेंट पहिल्यांदा माणसाला बसवला.

२००१ मध्ये रॅव्हेल नावाच्या अभ्यासाचे निकाल जाहीर झाले. २३८ रुग्ण. साध्या जाळीच्या गटात सहा महिन्यांनी २६.६ टक्के रुग्णांची वाट पुन्हा अरुंद झाली होती. औषधी जाळीच्या गटात शून्य. माझ्या धंद्यात कुणी 'शून्य बग' म्हटलं की मी आधी विचारतो, टेस्ट कशावर केली? इथे उत्तर असं होतं की रुग्ण निवडून घेतलेले, एकच साधा अडथळा असलेले. तरी शून्य म्हणजे शून्य. २००२ मध्ये युरोपात आणि २००३ मध्ये अमेरिकेत 'सायफर' हा पहिला औषधी स्टेंट बाजारात आला, भारतातही पोहोचला आणि डॉक्टरांनी तो धडाधड वापरायला सुरुवात केली. मधुमेहींना, अटॅक चालू असलेल्यांना, लांबलचक अडथळ्यांना. ज्यांच्यावर चाचणी झालीच नव्हती अशांनाही.

रोजच्या वापरात काय झालं?

आमच्याकडे सॉफ्टवेअर टेस्ट सर्व्हरवर गुणी बाळासारखं वागतं आणि प्रोडक्शनवर, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या हातात गेलं की रंग दाखवतं. फरक एवढाच की आम्ही रात्री दोन वाजता जुनी आवृत्ती परत लावू शकतो. बसवलेला स्टेंट परत काढता येत नाही.

औषधी स्टेंटचा रंग २००५-०६ मध्ये दिसला. जे औषध नको असलेल्या पेशी थांबवतं, तेच हव्या असलेल्या पेशीही थांबवतं. रक्तवाहिनीला आतून एक गुळगुळीत अस्तर असतं. साधी जाळी काही आठवड्यांत त्या अस्तराखाली झाकली जाते. औषधी जाळी कित्येक महिने उघडी राहू शकते. आणि उघडा धातू दिसला की रक्त गोठतं. अशी गुठळी हळूहळू वाट बुजवत नाही, एकदम बंद करते. म्हणजे थेट अटॅक.

२००५ मध्ये युरोपातल्या नेहमीच्या, न निवडलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला. औषधी स्टेंट घातलेले २,२२९ लोक. नऊ महिन्यांत २९ जणांच्या स्टेंटमध्ये गुठळी झाली, म्हणजे १.३ टक्के. आकडा छोटा आहे. पण त्या २९ पैकी १३ दगावले. आणि धोका वाढवणाऱ्या गोष्टींत सगळ्यात वरचं कारण होतं रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मुदतीआधी बंद करणं. ज्यांनी त्या अशा बंद केल्या त्यांच्यात दर शंभरात २९ जणांना गुठळी झाली.

सप्टेंबर २००६. बार्सिलोनात युरोपियन हृदयरोगतज्ज्ञांची मोठी परिषद. तिथे जुन्या अभ्यासांची बेरीज मांडली गेली आणि औषधी स्टेंटमुळे मृत्यू आणि अटॅक वाढत असावेत, अशी शंका जाहीरपणे आली. वर्तमानपत्रांत मथळे आले. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन दिवसांची सुनावणी घेतली. २००७ मध्ये स्वीडनमधून आणखी एक धक्का आला. त्या देशात स्टेंट घातलेल्या प्रत्येकाची नोंद एका वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये होते. १९,७७१ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या तर तीन वर्षांत औषधी स्टेंटवाल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. स्वीडनमध्ये औषधी स्टेंटचा वापर झपाट्याने घटला.

मग त्याच वहीने दोन वर्षांनी स्वतःचंच उत्तर दुरुस्त केलं. २००९ मध्ये ४७,९६७ रुग्ण, जास्त वर्षांचा पाठपुरावा. मृत्यूत फरक नाही. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या होत्या. डॉक्टर रुग्ण अधिक काळजीने निवडू लागले, आणि गोळ्या बारा महिने तरी द्यायच्या हा दंडक पडला.

शेवटचा मोठा निकाल नॉर्वेचा. २०१६ साली प्रसिद्ध झाला. ९,०१३ रुग्ण, सहा वर्षं, आणि दुसऱ्या पिढीचे औषधी स्टेंट विरुद्ध साध्या जाळ्या. मृत्यू किंवा अटॅक: औषधीत १६.६ टक्के, साध्यात १७.१. म्हणजे जवळपास सारखंच. पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा बायपास लागणं: १६.५ विरुद्ध १९.८. आणि ज्याची भीती होती ती गुठळी नव्या स्टेंटमध्ये उलट कमी निघाली, ०.८ टक्के विरुद्ध १.२. याचं एक कारण अगदी यांत्रिक आहे. सायफरच्या जाळीची तार १४० मायक्रॉन जाड होती. नंतरच्या पिढीत ती ८० च्या आसपास आली, आज काही ६० मायक्रॉनच्या आहेत. तार जितकी बारीक, तितकं अस्तर तिला लवकर झाकतं.

इकडे आमच्या कर्जत तालुक्यात

जगात हे चाललेलं असताना आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगतो.

मे २०१३. माझे मोठे चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पहाटे घामाने डबडबले. छातीत जळजळ म्हणून आधी इनो, मग गावातल्या डॉक्टरांचं इंजेक्शन, मग जीप. नगर साधारण पंच्याहत्तर किलोमीटर. पोहोचेपर्यंत दुपार झाली. यात आमचं काही वेगळं नव्हतं. भारतातल्या वीस हजारांवर रुग्णांची नोंद घेणारा 'क्रिएट' नावाचा अभ्यास २००८ मध्ये आला होता. त्यात त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मधला आकडा ३६० मिनिटं होता. सहा तास. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात सुरू झाली २०१४ मध्ये.

आप्पांना दोन स्टेंट पडले. खासगी रुग्णालय होतं, नाव घेत नाही. ऑपरेशनच्या खोलीबाहेर माझ्या वडिलांना पाच मिनिटांत ठरवायला सांगितलं: साधा की औषधवाला, देशी की परदेशी. बारावी शिकलेल्या शेतकऱ्याने त्या खुर्चीत बसून काय ठरवायचं? "जो चांगला असंल तो टाका," एवढंच ते म्हणाले. बिल आलं त्यात स्टेंटचेच अडीच लाखांच्या आसपास होते. उसाचं बिल, सोसायटीचं कर्ज आणि आजीच्या पाटल्या, असे तीन ठिकाणचे पैसे त्यात गेले.

आता इतिहासातली एक बोचणारी गोष्ट. २ जुलै २०१२ ला महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांना दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत, अँजिओप्लास्टीसकट. पण पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते आणि त्यात नगर नव्हतं. सोलापूर होतं. आमच्या कर्जतला लागून सोलापूर जिल्ह्याचा करमाळा तालुका. शिवेपलीकडच्या केशरी कार्डाला योजना होती, अलीकडच्या आमच्या केशरी कार्डाला नव्हती. उरलेल्या राज्यात ती आली २१ नोव्हेंबर २०१३ ला. आप्पांच्या अटॅकनंतर सहा महिन्यांनी. पाटल्या काही परत आल्या नाहीत. योजनेचं नाव २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं.

२०२२ मध्ये पारनेरच्या मामांना अटॅक आला. तोवर चित्र बदललं होतं. फुले योजनेतून एक औषधी स्टेंट पडला, गुजरातमधल्या कंपनीचा. रुपया लागला नाही. आणि तिथून आमच्या घरातला वाद सुरू झाला.

मामांना रोज रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, आप्पांना एकच. मामांनी हिशेब मांडला: "त्यांची भारी स्प्रिंग, म्हणून एका गोळीत भागतंय. माझी फुकटातली, म्हणून दोन लागत्यात." हा हिशेब त्यांनी अख्ख्या वस्तीला पटवला. आणि चार महिन्यांनी म्हणाले, "हलक्या मालासाठी पोटात जळजळ कशाला सोसायची? एक गोळी बंद करतो."

मंडळी, मघाचा तो आकडा आठवा. मुदतीआधी गोळी बंद करणाऱ्यांत शंभरात २९. तो स्टेंटच्या पहिल्या पिढीचा आकडा आहे आणि आजचे स्टेंट त्याहून बरेच सुरक्षित आहेत, पण अटॅकनंतर चौथ्या महिन्यात स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं आजही धोक्याचंच. खरं कारण असं होतं. अटॅकनंतर स्टेंट पडला की साधारण वर्षभर दोन गोळ्या असतात, अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तसलीच दुसरी. वर्ष झालं की बहुतेकांची एक बंद होते. आप्पांच्या स्टेंटला नऊ वर्षं झाली होती. त्यांचं ते वर्ष कधीच सरलं होतं. स्प्रिंग देशी का परदेशी, याचा गोळ्यांशी संबंधच नव्हता.

मामांना हे मी सांगितलं तर त्यांनी ऐकलं नाही. भाचा कॉम्प्युटरवाला, त्याला काय कळतं. आप्पांनी स्वतःची २०१३ ची फाइल काढून दाखवली, त्यात दोन गोळ्या लिहिलेल्या होत्या. तेव्हा पटलं. पोटाच्या जळजळीसाठी ते डॉक्टरांकडे गेले, डॉक्टरांनी पित्ताची गोळी जोडून दिली आणि दोन्ही गोळ्या वर्षभर चालल्या.

हे फक्त आमच्या वस्तीवरचं नाही. अमेरिकेत २००६ मध्ये अटॅकनंतर औषधी स्टेंट घातलेल्या ५०० लोकांचा पाठपुरावा झाला. त्यातल्या १३.६ टक्क्यांनी पहिल्या महिन्यातच दुसरी गोळी सोडली होती. वर्षभरात त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ७.५ टक्के होतं, गोळी चालू ठेवणाऱ्यांत ०.७. सोडणाऱ्यांमध्ये वयाने मोठे, कमी शिकलेले आणि खर्चामुळे डॉक्टरांकडे जाणं टाळणारे लोक जास्त होते. नगर असो की अमेरिका, माणसं सारखीच.

मग योजनेतली स्प्रिंग खरंच हलकी असते का?

आधी किंमत. २००५ पर्यंत भारतात स्टेंटवर औषधासारखं नियंत्रणच नव्हतं. परवानगी नसलेले स्टेंट रुग्णांना घातल्याच्या बातम्यांनी मुंबई हादरली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्राने स्टेंट औषध कायद्याखाली आणले. गुणवत्तेचं दार असं लागलं, पण किमतीचं उघडंच राहिलं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने महेश झगडे आयुक्त असताना हा प्रश्न लावून धरला होता. पुढे फरिदाबादचे वकील बिरेंदर सांगवान दिल्ली उच्च न्यायालयात गेले. जुलै २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. आणि १३ फेब्रुवारी २०१७ ला राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कमाल किंमत बांधली: साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधी २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याआधी औषधी स्टेंटची छापील किंमत सरासरी १ लाख २१ हजार होती. प्राधिकरणाच्याच आकड्यांत रुग्णालयांचा नफा काही ठिकाणी ६५४ टक्क्यांपर्यंत दिसला होता. आप्पांच्या बिलातले अडीच लाख नेमके कुठे गेले, ते मला २०१७ मध्ये कळलं.

काही परदेशी कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट भारतातून काढून घ्यायची परवानगी मागितली. सरकारने सहा महिने पुरवठा चालू ठेवायला सांगितलं. काही ठिकाणी स्टेंट स्वस्त झाला पण बाकीचे चार्जेस फुगले, अशा तक्रारीही आल्या. तरी एक गोष्ट पक्की झाली. किंमत ही दर्जाची खूण राहिली नाही, कारण देशी आणि परदेशी दोघांनाही तीच वरची मर्यादा. ती आजही ४० हजारांच्या आत आहे.

आता दर्जा. २०१८ मध्ये टॅलेंट नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. सुरतच्या सहजानंद कंपनीचा सुप्राफ्लेक्स विरुद्ध अमेरिकन झायन्स. परीक्षा झाली युरोपात, सात देशांतल्या २३ केंद्रांवर, १,४३५ रुग्णांवर. रुग्ण निवडून नव्हे, रोज दारात येतात तसे घेतले होते. वर्षभरात स्टेंटशी संबंधित मृत्यू, अटॅक किंवा पुन्हा करावी लागलेली प्रक्रिया: सुरतच्या स्टेंटमध्ये ४.९ टक्के, अमेरिकनमध्ये ५.३. म्हणजे देशी स्टेंट कमी पडला नाही. हा शोधनिबंध २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. २०१५ मध्ये भारतातच १,८३० मधुमेही रुग्णांवर टक्सेडो नावाचा अभ्यास झाला. तुलनेतले दोन्ही स्टेंट परदेशी, नावाजलेल्या कंपन्यांचे. पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा स्टेंट दुसऱ्यापुढे स्पष्ट हरला, ५.६ टक्के विरुद्ध २.९. आणि आपोआप विरघळून जाणारा 'अ‍ॅब्सॉर्ब' आठवतोय? काही काळ सगळ्यात आधुनिक आणि सगळ्यात महाग म्हणून मिरवला. त्यात गुठळ्या जास्त होतात असं दिसल्यावर २०१७ मध्ये कंपनीने विक्रीच थांबवली.

तेव्हा माझं मत असं झालंय. 'परदेशी' आणि 'महाग' हे शब्द दर्जा सांगत नाहीत. 'देशी' हा शब्दही सांगत नाही, कारण प्रत्येक देशी ब्रँडची टॅलेंटसारखी मोठी परीक्षा झालेली नाही. विचारायचा तो त्या एका ब्रँडचा हिशेब.

आणखी एक. स्टेंटचा प्राण वाचवणारा फायदा आहे तो अटॅक चालू असताना. अटॅक नाही, चालताना ठरावीक अंतरावर छाती भरते, गोळीने थांबते, अशा स्थिर दुखण्यात गोष्ट वेगळी आहे. २००७ चा करेज आणि पाच हजारांवर रुग्णांचा, २०१९ मध्ये निकाल लागलेला इस्केमिया या दोन्ही अभ्यासांत चांगल्या औषधांच्या तुलनेत स्टेंटने मृत्यू कमी केले नाहीत. छातीतलं दुखणं कमी होतं, आणि ज्याला चार पावलं टाकता येत नाहीत त्याला तेही मोठं आहे. पण 'आजच टाकली नाही तर उद्या माणूस जाईल' हे स्थिर दुखण्याच्या बहुतेक रुग्णांना लागू नाही. तिथे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला वेळ असतो.

आपल्याला काय करता येईल

आज नगर शहरात, लोणीला, शिर्डीला अँजिओप्लास्टी होते. पुण्यापर्यंत जावंच लागतं असं राहिलं नाही. पण १७ हजार चौरस किलोमीटरचा, राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा आहे हा. अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीपासून किंवा जामखेडच्या टोकापासून कॅथलॅब अजून लांबच आहे. आणि तिथून परत आलेल्या माणसाच्या गोळ्या संपल्या की नाही, हे बघायला कॅथलॅब येत नाही. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन उभं केलं. कमी शिकलेल्या बायका बाळंतपणं आणि लसीकरण सांभाळू शकतात हे आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवलंय. मग प्रत्येक गावात 'स्प्रिंगवाल्यां'ची एक यादी आणि महिन्यातून एकदा 'गोळ्या आहेत ना?' एवढा प्रश्न, हे काही अवघड नाही. आशाताईंवर आधीच ढीगभर काम आहे, हे मान्य. पण एखादं तरुण मंडळसुद्धा हे करू शकतं.

घरच्या घरी करायच्या चार गोष्टी सांगतो आणि थांबतो.

एक, फाइलमध्ये स्टेंटच्या डब्याचं स्टिकर असतं. कंपनी, ब्रँड, माप, बॅच नंबर. २०१७ च्या आदेशानुसार बिलातही स्टेंटची किंमत आणि ब्रँड वेगळे लिहिलेच पाहिजेत. स्टिकरचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

दोन, दोन गोळ्यांपैकी दुसरी कुठल्या तारखेपर्यंत, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला गोल करा.

तीन, दात काढायचा असो, मोतीबिंदू असो की पित्त झालं असो, रक्त पातळ करायची गोळी बंद करायची तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. शेजाऱ्याला विचारून नाही.

चार, छातीत दुखून घाम फुटला तर इनोवर वेळ घालवू नका. १०८ लावा.

आणि तुमच्या वस्तीवर कुणी योजनेतल्या स्प्रिंगला हलकी म्हणत असेल, तर त्यांना हा भाग ऐकवा. पुढच्या वेळी भेटू. विषय ठरलाय: १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात कशी आली.